वाचकांचे प्रश्न : व्हॅनचे बीसीएम बदलण्यापूर्वी

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्याकडे 2017 सालची चौदा आसनांची डिझेल व्हॅन आहे. शाळा चालू असताना मुलांची ने-आण करतो आणि सुट्टीच्या दिवशी भजनी मंडळींना किंवा लग्नाच्या वऱ्हाडाला घेऊन जातो. यंदा मिरगाचा पहिला जोरदार पाऊस झाल्यावर चार दिवसांत गाडीला विचित्र खोडी लागल्या. वायपर आपोआप सुरू होतो, उजवीकडचा इंडिकेटर भराभर लुकलुकतो, गाडी अंगणात उभी असताना रात्री दरवाज्यांची कुलपे आपोआप लागतात आणि उघडतात, आणि दोन रात्री गाडी हलवली नाही तर बॅटरी पार उतरते. नेहमीच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला. यू 0140 असा कोड आला आणि ‘बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे, वायपर, कुलपे सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) गेले, बदलावे लागेल’ असा निकाल त्यांनी दिला. नव्याची किंमत 38,000 रुपये सांगितली. शाळा सुरू होण्याच्या महिन्यात एवढे पैसे हाताशी नव्हते, म्हणून भंगारात निघालेल्या तशाच गाडीचे बीसीएम 6,000 रुपयांना आणून बसवले. दिवे आणि वायपर नीट चालू लागले, पण गाडी सुरू होत नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन क्षणभर घेते आणि बंद पडते, आणि डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकत राहते. आता मेकॅनिक म्हणतात की इंजिनाचा कॉम्प्युटरही गेला. मी काय करावे? जुने बीसीएम मी टाकून दिलेले नाही. — एक व्हॅनमालक, डिचोली

उत्तर : जुने बीसीएम टाकून दिलेले नाही, हे आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने साऱ्या पत्रातली महत्त्वाची ओळ तीच. ते कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा (प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिच्यात दमटपणा कोंडतो) आणि हे उत्तर वाचून होईपर्यंत कोणालाही इंजिनाचा कॉम्प्युटर मागवू देऊ नका.

प्रथम बंद पडणाऱ्या इंजिनाविषयी. आपल्या किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक बारीक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. किल्ली कुलपात घातली की कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला लहरींद्वारे शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. बऱ्याच गाड्यांत तो क्रमांक तपासून पाहण्याचे काम बीसीएम करते, आणि किल्ली ओळखीची निघाली तरच ते इंजिनाच्या कॉम्प्युटरला तसे कळवते. बीसीएम आणि इंजिनाचा कॉम्प्युटर यांचीही आपसांत एक खूण ठरलेली असते. आपण बसवलेले बीसीएम दुसऱ्या गाडीचे आहे. त्याला आपली किल्ली ठाऊक नाही आणि आपल्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला ते बीसीएम ठाऊक नाही. त्यामुळे इंजिन क्षणभर घेते आणि मग डिझेलचा पुरवठा तोडला जातो. चोरीविरोधी यंत्रणेने जे करायला हवे तेच ती करत आहे, आणि लुकलुकणारे किल्लीचे चिन्ह हीच गोष्ट सांगते आहे. इंजिनाचा कॉम्प्युटर बिघडल्याचा कोणताही पुरावा यात मला दिसत नाही. खात्री करून घेण्याचा बिनखर्चाचा उपाय असा की जुने बीसीएम, त्याच्या पिना साफ करून, पुन्हा जागेवर बसवावे. गाडी सुरू झाली की तो प्रश्न तिथेच मिटला.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. यू 0140 या कोडचा अर्थ ‘बीसीएम मेले’ असा लावण्याची चूक इतकी सर्रास होते की त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. ज्यांनी मारुतीची ओम्नी चालवली आहे (1984 साली आलेली ही व्हॅन 2019 पर्यंत बनत होती आणि गोव्याच्या रस्त्यांवर अजूनही पुष्कळ दिसते) त्यांना आठवत असेल की तिचे वायरिंग सरळसोट होते. बटण दाबले की करंट फ्यूजमधून आणि फार तर एखाद्या रिलेतून (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचातून) बल्बपर्यंत जाई, आणि टेस्ट लॅम्प हातात असलेला कोणताही वायरमन अर्ध्या तासात दोष शोधून काढी. आजच्या गाडीत बटण फक्त निरोप देते. तो निरोप बीसीएम घेते, विचार करते आणि मग इंडिकेटर, वायपर, हॉर्न, कुलपे, आतला दिवा यांना आपल्या हाताने करंट सोडते. निरोपांची ही देवाणघेवाण दोन पिळलेल्या तारांवरून चालते. तिला कॅन म्हणतात, आणि ती पद्धत बॉश कंपनीने 1986 साली जगापुढे मांडली. इंजिन, ब्रेक, मीटर आणि बीसीएम हे सगळे त्याच तारांवर बोलतात. यू 0140 हा कोड बीसीएमने स्वतःविषयी नोंदवलेला नसतो. बाकीच्या मंडळींनी ‘बीसीएमचा आवाज ऐकू येत नाही’ अशी केलेली ती तक्रार असते. देवस्थानच्या सभेत हजेरी घेताना एखाद्याने ‘ओ’ दिली नाही, तर तो घरी आजारी असेल, वाटेत फेरीबोट चुकली असेल किंवा सभेची नोटीसच त्याला पोचली नसेल. बीसीएमला करंट मिळत नसेल, त्याचे अर्थिंग (करंटची बॉडीतून बॅटरीकडे परतण्याची जोडणी) गंजले असेल किंवा कॅनची तार तुटली असेल, तरी कोड हाच येतो.

‘पण दुसरे बीसीएम लावल्यावर दिवे नीट चालले, म्हणजे पहिले खराबच होते ना?’ असे आपण विचाराल. नाही, एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. कनेक्टर काढून पुन्हा दाबून बसवताना पिनांवरचा गंज घासला जातो आणि काही दिवस, कधी काही आठवडे, सगळे ठीक चालते. माझ्या टेबलावर ‘गेलेली’ म्हणून आलेली कितीतरी मॉड्यूले केवळ कनेक्टर साफ केल्यावर निमूट कामाला लागली आहेत. म्हणून बदलण्याचा निर्णय घेण्याआधी चार तपासण्या करून घ्या. मेकॅनिककडे चांगला मल्टिमीटर आणि साधा बल्बचा टेस्ट लॅम्प असला तरी त्या होतात.

पहिली तपासणी बॅटरीची. गाडी काही तास उभी राहिल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट, आणि स्टार्टर फिरत असताना 9.6 पेक्षा खाली नाही, असे आकडे हवेत. बॅटरी अशक्त असली की बीसीएम स्टार्ट मारताना मध्येच शुद्ध हरपते आणि भलतेच कोड सोडते.

दुसरी तपासणी बीसीएमला मिळणाऱ्या करंटची. त्याला एक नव्हे, अनेक फ्यूज असतात. इलेक्ट्रॉनिक भागाचा वेगळा, कुलपांचा वेगळा, दिव्यांचे वेगळे. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून ‘ठीक आहे’ म्हणू नये. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक करून टेस्ट लॅम्प लावून तो झगझगीत पेटतो का ते पाहावे. मल्टिमीटर येथे फसवतो, कारण गंजून केसाएवढा एकच धागा उरलेल्या तारेतूनही तो बिनदिक्कत 12 व्होल्ट दाखवतो. त्या तारेवर बल्बचा भार टाकला की मग तिची खरी ताकद कळते.

तिसरी अर्थिंगची, आणि गोव्यात माझा सर्वांत जास्त संशय हिच्यावर असतो. हेडलाइट आणि हॅझर्ड चालू ठेवून मल्टिमीटरची काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल सुई बीसीएमच्या अर्थिंगच्या पिनेवर मागून टेकवावी, कनेक्टर मात्र लावलेलाच असावा. आकडा 0.1 व्होल्टच्या आत हवा. तो त्याहून बराच वर गेला तर बॉडीला जिथे अर्थिंगची वायर बोल्टने आवळली आहे ती जागा शोधावी, रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत करावा, बोल्ट पुन्हा आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. या कामाला अर्धा तास लागतो. आपोआप सुरू होणारे वायपर आणि वेड्यासारखी वागणारी कुलपे यांचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते, कारण अर्थिंगचा रस्ता बंद झालेला करंट दुसऱ्याच एखाद्या यंत्राच्या तारेतून परतीची वाट काढतो.

चौथी कॅनच्या तारांची. बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या 6 आणि 14 क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजला की 60 ओहम यावा, कारण त्या तारांच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोधक असतो. 120 आला तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ आला तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत बॉडीच्या भागासाठी कॅनच्या वेगळ्या तारा असतात आणि त्या सॉकेटपर्यंत येत नाहीत. अशा वेळी हीच मोजणी बीसीएमच्या कनेक्टरपाशी करावी लागते.

उतरणाऱ्या बॅटरीचे गणित वेगळे सांगतो. आपली बॅटरी 70 अँपिअर-तासांची धरली आणि ती दोन रात्री व एका दिवसात स्टार्ट न मारण्याइतकी रिकामी होत असेल, तर बंद गाडी सतत एक ते दीड अँपिअर खाते आहे. निरोगी गाडीत हा आकडा, सगळी मॉड्यूले झोपी गेल्यावर, 50 मिलिअँपिअरच्या आत असतो. तो मोजताना मीटर 10 अँपिअरच्या पट्टीवर ठेवून निगेटिव्हच्या तारेत मालिकेत लावावा, दरवाज्याचे कुलूप स्क्रू ड्रायव्हरने बसवून गाडीला दार बंद असल्याचे भासवावे, किल्ली दूर ठेवावी आणि निदान अर्धा तास गाडीला हात लावू नये. मीटर लावलेला असताना स्टार्ट मात्र मारू नये, मीटरचा फ्यूज उडतो. आकडा मोठा आला की एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो त्या वाटेवर चोर आहे. ओला कनेक्टर ‘दार उघडले’ असा खोटा निरोप रात्रभर देत राहिला की बीसीएमला झोप लागत नाही आणि त्याच्याबरोबर बाकीच्यांनाही लागत नाही.

उजवा इंडिकेटर भराभर लुकलुकण्याचे कारण बहुधा याहून साधे आहे. त्या बाजूचा एखादा बल्ब गेला असेल किंवा होल्डर गंजला असेल. ते आधी पाहा.

एवढे करून दोष बीसीएममध्येच आहे असे ठरले, तरी ते का बिघडले याचा शोध राहतोच, आणि आपल्या पत्रात त्याचे उत्तर पहिल्या पावसाच्या उल्लेखात आहे. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे वाळपईची एक व्हॅन आली होती. तिचे बीसीएम वर्षभरात दुसऱ्यांदा गेले होते. मी डाव्या बाजूचे पायाजवळचे पॅनेल काढले तेव्हा वर सगळे कोरडे होते. मग वायरिंगच्या जुडग्यावर बोट फिरवत खाली गेलो, तर ते जिथे कनेक्टरमध्ये शिरते तिथे, अगदी शेवटच्या टोकाला, एक थेंब लोंबत होता. कनेक्टर उघडला तेव्हा आत हिरवट निळी पावडर होती आणि जिच्यात चोवीस तास करंट असतो ती पिन अर्धी झिजून सुईसारखी झाली होती. करंट नसलेल्या शेजारच्या पिना मात्र पिवळ्याधमक होत्या. ओलाव्यात करंट असला की पॉझिटिव्ह पिनेचे तांबे विरघळते. किल्ली काढली तरी बीसीएमला करंट चालूच असतो, त्यामुळे हे झिजणे रात्रंदिवस चालते. पाणी येत होते कोठून? टपावरच्या कॅरिअरच्या एका बोल्टाखालचे रबरी वायसर कडक होऊन चिरले होते. तेथून थेंब खांबाच्या पोकळीत उतरत, वायरिंगच्या अंगावरून घरंगळत कनेक्टरपर्यंत पोचत. आधीच्या गॅरेजने 30,000 रुपयांवर किमतीचा भाग बदलला होता आणि वायसर कोणीच पाहिले नव्हते.

आपल्या गाडीतही ही वाट शोधा. समोरच्या काचेखाली जी जाळी असते तिच्या खालची पाण्याची वाट आंब्याफणसाच्या पानांनी तुंबते आणि पाणी आत वळते. काचेचे रबर किंवा चिकटवण कोपऱ्यात सुटते. एसीच्या पाण्याची नळी शेवाळाने बंद होते आणि दमट हवेत भरपूर जमणारे ते पाणी बाहेर पडण्याऐवजी आत पायाशी साचते. ते गोडे आणि थंड असते, एवढ्यावरून काही अंदाज येतो. शोधण्याची पद्धत अशी की आतले पॅनेल काढून जागा कोरडी पुसावी, तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी, एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बागेच्या पाइपने खालून सुरुवात करून दर टप्प्याला दहा मिनिटे थांबत वर वर पाणी सोडावे. आधीच टपावर पाणी ओतले तर सगळीकडूनच गळल्यासारखे वाटते. पावडरवर उठणारी रेघ थेंबाची वाट नेमकी दाखवते. गळती बुजवल्यावरही वायरिंगला कनेक्टरच्या अगोदर खाली झोळ द्यावा, म्हणजे पुन्हा कधी थेंब आलाच तर तो झोळाच्या तळाशी ठिबकेल, कनेक्टरात शिरणार नाही. आपल्याकडे कौलाची पागोळी भिंतीपासून दूर पडावी म्हणून जी खबरदारी घेतात तीच ही.

जुने बीसीएम उघडून पाहण्यासारखे असेल तर एखाद्या सर्किट दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. वरवरचा हिरवा थर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने निघतो. एखादा रिले किंवा सुटलेला टाका बदलता येतो. परंतु सर्किटच्या आतल्या रेषा खाल्ल्या गेल्या असतील तर मुलांच्या गाडीसाठी मी अशी दुरुस्ती स्वीकारणार नाही. भर पावसात घाटात वायपर थांबणे आणि अंगणात थांबणे यांत फरक आहे. मुंग्यांनी आत घर केलेलीही एक-दोन मॉड्यूले मी पाहिली आहेत. ती बहुधा वाचतात.

बदलायचेच ठरले तर आपल्यापुढे दोन रस्ते आहेत. नवे घेतले तर अधिकृत वर्कशॉप ते आपल्या गाडीच्या चासी क्रमांकाशी आणि साधनसामग्रीशी जुळवून देते. त्याला कोडिंग म्हणतात, आणि ते केल्याशिवाय नवे बीसीएम म्हणजे कोरी पाटी असते. आपल्याकडचे वापरलेले बीसीएम उपयोगात आणायचे असेल, तर जुन्यातली स्मृती वाचून ती त्याच्यात उतरवावी लागते. किल्ल्यांचे क्रमांक आणि इंजिनाशी ठरलेली खूण त्या स्मृतीतच असते, म्हणून सुरुवातीला म्हटले की जुने सांभाळून ठेवा. यासाठी दोन्हींवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत सारखा असावा लागतो. एका अक्षराच्या फरकाने आतले सॉफ्टवेअर किंवा दिव्यांची मांडणी वेगळी निघते. अधिकृत वर्कशॉपे वापरलेला भाग सहसा जुळवून देत नाहीत, हे काम स्वतंत्र तंत्रज्ञ करतात. माझे मत विचाराल तर, जुन्यातली स्मृती नीट वाचली गेली आणि वापरलेले बीसीएम उघडल्यावर आतून स्वच्छ निघाले, तर आपले 6,000 रुपये वाया गेलेले नाहीत. दोहोंपैकी एक गोष्ट जरी जमली नाही, तर नव्याच्या मागे लागा आणि मधल्या काळात मुलांसाठी दुसरी गाडी पाहा.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम फार अवघड नाही, पण घाईचे नाही. आधी सर्व जुने कोड लिहून घ्यावेत आणि कनेक्टरांचे फोटो काढावेत. किल्ली काढून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी आणि निदान दहा मिनिटे थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ करंट साठून राहतो. कनेक्टर त्यांच्या खिट्ट्या सोडवून काढावेत, वायरींना धरून ओढू नयेत. कोडिंगच्या वेळी बॅटरीला व्होल्टेज स्थिर ठेवणारा चार्जर लावणे मी अपरिहार्य मानतो. ब्लोअर आणि दिवे बंद असावेत, लॅपटॉपही चार्जिंगवर असावा. मध्येच व्होल्टेज पडले तर अर्धवट लिहिलेले मॉड्यूल कायमचे मुके होऊ शकते, आणि मग त्याला वॉरंटीही लागू होत नाही. कोडिंगला जाताना गाडीची आरसी, आपले ओळखपत्र आणि घरातल्या सगळ्या किल्ल्या बरोबर न्या. बऱ्याच गाड्यांत त्या वेळी हजर नसलेली किल्ली यादीतून गळते, आणि कपाटातली दुसरी किल्ली निरुपयोगी झाल्याचे ऐन चवथीच्या गडबडीत कळते.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी प्रत्येक दिवा, वायपरचा प्रत्येक वेग, हॉर्न, प्रत्येक दाराचे कुलूप आणि दार उघडे असल्याची खूण स्वतः तपासा. काचा बटणाच्या एकाच दाबात पूर्ण वर जाणाऱ्या असतील तर त्यांना वरचे टोक पुन्हा शिकवावे लागते, बटण दाबून धरून तेही करून घ्या. मग दुसऱ्या दिवशी सकाळी बंद गाडीचा करंट पुन्हा एकदा मोजून घ्या.

प्रश्न : मी दिवाडी बेटावरचा. जुन्या व्हॅनच्या इंडिकेटरना एलईडी बल्ब घातल्यापासून ते भराभर लुकलुकतात. शिवाय समोर दोन जादा दिवे लावले, त्यांची वायर हेडलाइटच्या वायरीला जोडली आहे. ते कधी पेटतात, कधी हेडलाइटसकट विझतात. हा बीसीएमचा दोष समजायचा का?

उत्तर : नाही, बीसीएम आपले काम चोख करत आहे. इंडिकेटरचा मूळ बल्ब 21 वॅटचा असतो आणि 12 व्होल्टला सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. एलईडी त्याचा अगदी थोडा भाग घेतो. करंट कमी झाला की बीसीएम ‘बल्ब उडाला’ असे समजते आणि भराभर लुकलुकून आपल्याला सावध करते. बाजारात यावर रोधक जोडून देतात. 6 ओहमचा असा रोधक 12 व्होल्टला 24 वॅट उष्णता टाकतो आणि शेजारचे प्लास्टिक वितळवू शकतो. वीज वाचवायला घेतलेल्या बल्बापायी मुद्दाम वीज जाळण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. मूळचे बल्ब परत घाला.

जादा दिव्यांचे मात्र गंभीर आहे. आजकालच्या बऱ्याच बीसीएममध्ये दिव्यांना करंट सोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट ओढला गेला की ते स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतात. आपले दिवे विझतात ते यामुळे. असे वारंवार झाले तर तो स्विच एक दिवस कायमचा बसतो. जादा दिव्यांना बॅटरीपासून स्वतंत्र तार, बॅटरीजवळच फ्यूज आणि वेगळा रिले द्या. बीसीएमच्या वायरीतून फक्त तो रिले ओढण्यापुरता करंट घ्या. रोज फेरीबोटीने ये-जा करता, तेव्हा खाऱ्या पाण्याचे तुषार बसणाऱ्या समोरच्या जोडण्यांना टेप गुंडाळून भागणार नाही. रबरी सील असलेले कनेक्टरच वापरा.

प्रश्न : फोंड्यातल्या एका गॅरेजने माझ्या व्हॅनचे बीसीएम ‘नवे’ म्हणून बदलले. महिन्याभरात तोच बिघाड परतला. आता ते म्हणतात, तुमच्या वायरिंगचा दोष आहे, नवे बीसीएम पुन्हा विकत घ्या. पक्के बिल दिलेले नाही. व्हॅन मी स्वतःच भाड्याने चालवतो.

उत्तर : आधी काढलेले जुने बीसीएम आणि आता बसवलेले, दोन्हींवरच्या लेबलांचे फोटो घ्या. पार्ट नंबर आणि अनुक्रमांक यांवरून भाग नवा होता की वापरलेला, हे त्या कंपनीच्या वर्कशॉपात विचारता येते. नंतर गॅरेजला लेखी पत्र द्या आणि त्यात तारीख, दिलेली रक्कम व परतलेला बिघाड एवढेच लिहा. रागाचे शब्द नकोत. वायरिंगचा दोष असेल तर तो भाग बदलण्यापूर्वी तपासणे हे त्यांचेच काम होते, हा आपला मुद्दा बळकट आहे. पैसे फोनवरून दिले असतील तर ती नोंदही पुरावा ठरते.

दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे जाता येते. उत्तर आणि दक्षिण गोव्यासाठी असे वेगवेगळे आयोग आहेत. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. समोरून ‘हा धंद्याचा वापर आहे’ असा आक्षेप घेतला जाईल. स्वतः चालवून केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूतून वगळली आहे, ही गोष्ट आपल्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा.

प्रश्न : काणकोणला समुद्राजवळ राहतो. व्हॅनचा मागचा तळ गंजून भोके पडली आहेत, तिथे पत्रा वेल्डिंग करून घ्यायचा आहे. वेल्डिंगने बीसीएम जाते असे ऐकले, ते खरे का?

उत्तर : जाऊ शकते. विजेच्या वेल्डिंगचा प्रचंड करंट बॉडीतून परत जाताना वाटेतल्या मॉड्यूलांच्या अर्थिंगमधून शिरू शकतो. बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवून एकमेकींना आणि बॉडीला न लागतील अशा बाजूला बांधा. वेल्डिंगचा अर्थचा चिमटा तांबे दिसेल इतका स्वच्छ असावा आणि तो काम चालू आहे त्याच पत्र्यावर, हातभर अंतरात, रंग खरवडून लावायला सांगा. दाराच्या बिजागरीला किंवा पुढच्या बंपरला लावू देऊ नका. तळाखालून वायरिंगचे जुडगे आणि डिझेलची नळी जाते का ते कार्पेट उचलून आणि खाली वाकून आधी पाहा, आणि बीसीएम वेल्डिंगच्या जागेजवळ असेल तर त्याचे कनेक्टरही काढून ठेवा. वेल्डिंगनंतर टाक्यांवर दोन्ही बाजूंनी गंजरोधक प्रायमर लावल्याशिवाय कार्पेट पसरू नका.